सेट घरी बसवायचाय? कटर घरातच ठेवा, मीटर तेवढा गाडीत आणा

प्रश्न थोडक्यात असा आहे. गाडी २०१५ ची वॅगनआर. कंपनीचा सेट यूएसबी वाचेनासा झालाय. नऊ इंची अँड्रॉइड सेट ऑनलाइन मागवलाय, दुकानात बसवायचे दीड हजार सांगतात. रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतः बसवता येईल का? नव्या सेटच्या आणि गाडीच्या वायरींचे रंग जुळत नाहीत, त्याचं काय करायचं? खोक्यावर ‘५० वॅट गुणिले ४’ लिहिलंय, त्यानं कंपनीचे स्पीकर फाटतील का? आणि जुना सेट विकून टाकू का?

बसवता येईल. मी बावीस वर्षं गाड्यांची इलेक्ट्रिकची कामं करतोय आणि माझंच गिऱ्हाईक घालवून सांगतोय, येईल. दुकानात आमचा पोरगा हे काम पाऊण तासात उरकतो, कारण मागे दोन गाड्या हॉर्न देत उभ्या असतात. त्या घाईत कंपनीचा कपलर (वायरींचा एकत्र प्लग) कापायचा, वायरींना पीळ द्यायचा, वर काळी टेप गुंडाळायची आणि सगळा गुंता सेटच्या मागे कोंबायचा, हे सर्रास चालतं. तुमच्यामागे कोणी उभं नाही. घरी बसवण्यातला खरा फायदा तोच आहे, दीड हजार हा वरचा बोनस. फक्त एक अट पाळा: गाडीच्या मूळ वायरिंगला कात्री लावायची नाही. रविवारी सकाळी नऊला बसलात तर दुपारच्या जेवणापर्यंत होईल. संध्याकाळी कुठे जायचं असेल तर त्या दिवशी हात घालू नका.

आधी सामान. सेटचा आकार ठरलेला असतो, जर्मन मानक संस्थेच्या नावावरून त्याला डिन म्हणतात. सिंगल डिन म्हणजे १८० बाय ५० मिलिमीटर, डबल डिन म्हणजे १८० बाय १००. तुमचा नऊ इंची सेट या दोन्हींत बसत नाही. त्याचा पडदा डॅशबोर्डच्या वर येतो आणि तुमच्या मॉडेलसाठी बनवलेल्या फ्रेममध्येच तो बसतो. म्हणून फ्रेम घेताना नुसतं ‘वॅगनआर’ सांगू नका, साल सांगा. २०१९ मध्ये पूर्ण नवी वॅगनआर आली, तिची फ्रेम तुमच्या गाडीला होणार नाही. फ्रेमसोबत तुमच्या गाडीचा कपलर मागा, म्हणजे ज्याचं एक तोंड गाडीच्या वायरिंगमध्ये जातं आणि दुसरीकडे नव्या सेटच्या वायरी जोडल्या जातात तो. दोन-तीनशे रुपयांची वस्तू आहे. अँटेनाची पिन वेगळी निघाली तर तिचाही जोड मिळतो. पुण्यात असाल तर तपकीर गल्लीत मीटर (व्होल्ट, ओहम मोजणारा मल्टिमीटर), सोल्डरिंग गन, हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आवळणारी नळी) सगळं एका फेरीत होईल. डॅश उघडायला प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचा संच घ्या. स्क्रू ड्रायव्हरनं उचकटलेलं डॅशबोर्ड मी लांबून ओळखतो, कडेला पांढरे ओरखडे असतात आणि ते कधीच जात नाहीत.

काम सुरू करताना बॉनेट उघडून दहा नंबरच्या पान्यानं बॅटरीचं मायनस टर्मिनल काढा. प्लस नाही, मायनस. प्लस सोडवताना पाना चुकून बॉडीला टेकला तर ठिणगी पडते. मायनस आधी काढलं की तो धोकाच नाही. गाडीत एअरबॅग असेल तर टर्मिनल काढल्यावर दोन-तीन मिनिटं थांबा, मग डॅशला हात लावा. (१ जुलै २०१९ पासून ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली. तुमची गाडी त्याआधीची आहे, त्यामुळे असेल किंवा नसेल, बघून घ्या.) डॅशच्या आत पिवळ्या रंगाचा कपलर किंवा पिवळी नळी घातलेली वायर दिसली तर ती एअरबॅगची समजायची. तिला हात नाही, मीटरही नाही.

सेटच्या भोवतीची पट्टी क्लिपांवर बसलेली असते. पहिली क्लिप निघताना ‘कट्ट’ असा आवाज येतो आणि दरवेळी वाटतं की काहीतरी तुटलं. तुटत नाही. पण खालच्या कोपऱ्यापासून सुरुवात करा, पट्टी घालून थोडं थोडं उचला आणि एक बाजू सुटली की लगेच खेचू नका. मागे हॅझर्डच्या बटणाचा किंवा घड्याळाचा कपलर लटकत असू शकतो. थंडीत प्लॅस्टिक ताठर होतं, क्लिपा तुटतात. गाडी थोडा वेळ उन्हात ठेवली तर तेच प्लॅस्टिक मऊ होऊन सहज निघतं. पट्टी निघाली की चार स्क्रू दिसतील. ते वाटीत ठेवा आणि वाटी गाडीबाहेर ठेवा. गिअरच्या बाजूच्या फटीत पडलेला स्क्रू शोधण्यात माझे जितके तास गेलेत, तेवढ्यात एक घर बांधून झालं असतं.

आता रंगांचा प्रश्न. बाजारातल्या सेटच्या वायरींना एक ठरलेली रंगभाषा असते आणि ती बहुतेक सगळे बनवणारे पाळतात. पिवळी म्हणजे कायमचे बारा व्होल्ट, किल्ली असो-नसो. घड्याळ, स्टेशनं, सेटिंग या वायरीवर जिवंत राहतात. लाल म्हणजे किल्ली फिरवल्यावर येणारा करंट, तिला आम्ही एसीसी म्हणतो. काळी म्हणजे अर्थ, गाडीच्या लोखंडी बॉडीला जोडलेला मायनस. नारिंगी म्हणजे पार्किंग लाइट लावल्यावर बटणांचा उजेड कमी करणारी. स्पीकरच्या जोड्या: पांढरी पुढे डावीकडे, राखाडी पुढे उजवीकडे, हिरवी मागे डावीकडे, जांभळी मागे उजवीकडे. प्रत्येक जोडीत काळी रेघ असलेली ती मायनस.

ही भाषा फक्त सेटच्या बाजूची. गाडी बनवणारी कंपनी आपल्या सोयीचे रंग वापरते, त्याचा याच्याशी काडीचा संबंध नाही. रंगाला रंग जोडत गेलात तर सेट पेटेल किंवा बॅटरी झोपेल. रंग विसरा, मीटर घ्या.

जुन्या सेटमधून कपलर काढला की त्याच्या सगळ्या पिना मोकळ्या आहेत, एकमेकींना किंवा लोखंडाला टेकत नाहीत, हे बघा आणि बॅटरीचं मायनस परत लावा. हो, परत लावा, करंटशिवाय मोजणार काय? मीटर डीसी २० व्होल्टवर. मीटरची काळी सळई एखाद्या उघड्या बोल्टला, जिथे रंग नाही तिथे. लाल सळई एकेका पिनेवर. किल्ली खिशात असताना ज्या पिनेवर साडेबारा व्होल्ट दिसतील, ती कायमची. कागदावर कपलरचं चित्र काढा आणि तिथे ‘पिवळी’ लिहा. मग किल्ली पहिल्या खटक्यावर. आता आणखी एका पिनेवर बारा आले, किल्ली काढल्यावर शून्य झाले, ती लाल. पार्किंग लाइट लावल्यावर जी जागी होते ती नारिंगी. आता किल्ली काढा, मीटर ओहमवर घ्या, सळया एकमेकींना टेकवून किती दाखवतो ते बघून ठेवा. बॉडी आणि पिन यांच्यात जिथे तेवढंच, म्हणजे शून्याला चिकटलेलं माप येईल, तो अर्थ.

राहिल्या आठ पिना, म्हणजे चार स्पीकर. ज्या दोन पिनांमध्ये तीन ते चार ओहम दाखवेल ती एका स्पीकरची जोडी. आता दीड व्होल्टचा पेन्सिल सेल घ्या, त्याला दोन वायरीचे तुकडे लावा आणि जोडीला क्षणभर टेकवा. कुठल्या तरी दारातून ‘खर्र’ असा आवाज येईल, घरातल्या कोणाला तरी मागच्या सीटवर बसवा आणि विचारा, कुठून आला? प्लस-मायनस ओळखायलाही हाच सेल. स्पीकरची जाळी निघत असेल तर बघा: सेलचा प्लस स्पीकरच्या प्लसला लागला तर कोन (स्पीकरचा हलणारा शंकू) बाहेर येतो, उलटा लागला तर आत ओढला जातो. ही तपासणी दुकानात कोणी करत नाही. चारांतला एक स्पीकर उलटा जोडला गेला तर आवाज चारही बाजूंनी येतो, पण बेस गायब होतो, कारण एक कोन हवा पुढे ढकलत असतो आणि दुसरा तीच हवा मागे ओढत असतो. ‘नवा सेट लावला, पण आवाज पातळ झाला’ म्हणत येणाऱ्यांच्या गाडीत मी आधी हेच तपासतो.

एवढं करून तुमच्याकडे कागदावर एक नकाशा तयार झाला. आता बाजारातून आणलेला कपलर त्या नकाशाशी ताडून बघा. बहुतेक वेळा जुळतो. एखाद्या वेळी पिवळी आणि लाल आदलाबदल झालेली निघते. तसं असेल तर गाडी चालते, सेट वाजतो, पण किल्ली काढली की घड्याळ शून्यावर. तुमचा कपलर असा निघाला तर त्याच्याकडच्या वायरी बदला, गाडीकडच्या नको.

बॅटरीचं मायनस पुन्हा काढा आणि जोडणी करा. ही जोडणी गाडीत वाकून करायची नाही, टेबलावर करायची. नव्या सेटचा कपलर आणि बाजारातून आणलेला कपलर दोन्ही घेऊन घरात बसा, पंख्याखाली. वायर सोला, आधी स्लीव्ह ओवा (ही विसरते आणि सोल्डर झाल्यावर आठवते, माझंसुद्धा अजून होतं), पीळ द्या, सोल्डर करा, स्लीव्ह सरकवून लायटरनं गरम करा. काळी टेप वापरू नका. मे महिन्यात काचा बंद करून उन्हात उभ्या केलेल्या गाडीचं डॅशबोर्ड हात लावता येत नाही इतकं तापतं. टेपचा गोंद पातळ होतो, टेप सुटते आणि उघडी वायर शेजारणीला भेटते. जोड एका रेषेत न ठेवता पुढेमागे ठेवा, म्हणजे गुंता जाड होत नाही.

अर्थबद्दल दोन शब्द जास्त लिहितो. कपलरमधला अर्थ सेटला पुरतो. पण गाणं बंद असताना स्पीकरमधून ‘ऊंऊं’ येतंय आणि ॲक्सिलरेटरबरोबर तो सूर चढतोय, असं झालं तर तो अल्टरनेटरचा, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राचा आवाज आहे आणि बहुतेक वेळा कारण कच्चा अर्थ असतो. सेटच्या बॉडीवरून एक वायर डॅशच्या आतल्या लोखंडी पट्टीवर न्या. बोल्टच्या खालचा रंग पॉलिश पेपरनं खरवडून चकाकी येऊ द्या, मग रिंग टर्मिनल घालून आवळा. रंगावर आवळलेला अर्थ हा अर्थच नाही.

आणि स्पीकरची मायनस वायर म्हणजे अर्थ नव्हे. मी शिकाऊ असताना एका जुन्या पद्मिनी गाडीत सेट बसवला होता. तिच्यात मागच्या स्पीकरची मायनस थेट बॉडीला मारलेली होती. जुन्या सेटला ते चालायचं, मी तसंच ठेवलं. नवा सेट चालू केला, अर्धं गाणं वाजलं आणि डॅशमधून जळक्या बेकलाइटचा वास. उस्तादांनी पैसे माझ्या पगारातून कापले, बरोबरच केलं. आताच्या सेटमध्ये प्रत्येक स्पीकरला दोन ॲम्प्लिफायर समोरासमोर लावलेले असतात. त्यामुळे स्पीकरच्या दोन्ही वायरींवर बॉडीच्या तुलनेत सहा-सात व्होल्ट असतात. त्यातली एक बॉडीला टेकली की आतली आयसी (ॲम्प्लिफायरची चिप) गेली. चांगला सेट स्वतःला बंद करून वाचवतो. सगळे सेट चांगले नसतात.

यावरूनच वॅटच्या प्रश्नाला येतो. इंजिन चालू असताना गाडीत फार तर १४.४ व्होल्ट मिळतात. चार ओहमच्या स्पीकरवर, आत लावलेल्या साध्या ॲम्प्लिफायरनं, कागदावरच्या गणितानंसुद्धा २६ वॅटच्या पुढे जाता येत नाही आणि स्वच्छ आवाज पंधरा ते वीस वॅटपर्यंतच मिळतो. खोक्यावरचे पन्नास म्हणजे एका क्षणाचं टोक, तेही उदार मनानं मोजलेलं. तेव्हा कंपनीचे स्पीकर वॅटनं फाटणार नाहीत. फाटतात ते आवाज पूर्ण वर, बेस पूर्ण वर आणि सेट धापा टाकतोय अशा अवस्थेत. आवाज चिरकायला लागला की दोन पायऱ्या खाली या, एवढाच नियम.

पुढचे स्पीकर बदलायचे असतील तर ते वेगळ्या रविवारी. फक्त दाराचं ट्रिम (आतलं आवरण) उघडलंत तर आत एक पारदर्शक किंवा पांढरा प्लॅस्टिकचा कागद चिकटवलेला दिसेल, तो फाडू नका. काचेवरून ओघळलेलं पावसाचं पाणी दाराच्या पोकळीत उतरतं आणि खालच्या भोकांतून बाहेर जातं. तो कागद ते पाणी आत येऊ देत नाही. तो फाडला की जूनमध्ये पायाखालचं मॅट ओलं होतं आणि लोक छत गळतंय समजून गॅरेज फिरत बसतात. कोकणातून येणाऱ्या गाड्यांत तर स्पीकरचं मॅग्नेट गंजून पापुद्रे सुटलेले असतात. नवा स्पीकर घेताना काच पूर्ण खाली करून मागे जागा किती आहे ते मोजा.

सगळं जोडलं की डॅश बंद करायच्या आधी चालवून बघा. मायनस लावा, सेट मांडीवर ठेवून चालू करा. चारही स्पीकर एकेक करून वाजवा, किल्ली काढा, सेट बंद होतो का बघा. परत लावा, सेटिंग तशीच आहे का बघा. पार्किंग लाइट लावा. फोन लावून बोला. माइक बाहेरचा असेल तर तो ए-पिलरवरून (पुढच्या काचेच्या बाजूच्या खांबावरून) वर न्या, पण तिथे कर्टन एअरबॅग (खिडक्यांवर पडद्यासारखी उघडणारी) असलेल्या गाडीत पिलरचं ट्रिम उघडू नका, स्टीअरिंगच्या कव्हरवर लावा. जीपीएसची चपटी डबी डॅशच्या वर, काचेखाली. लोखंडाखाली टाकलीत तर नकाशात तुम्ही कायम शेजारच्या गल्लीत असाल. हँडब्रेकची वायरही असते, गाडी चालताना पडद्यावर व्हिडिओ लागू नये म्हणून. लोक ती सरळ अर्थला मारून मोकळे होतात. दुकानात माझ्याकडे तशी मागणी आली तर मी नाही म्हणतो, तुम्हीही खरी वायर शोधून लावा.

मग मागच्या वायरी एकत्र बांधून त्यावर फेल्टची कापडी टेप गुंडाळा. नुसत्या वायरी प्लॅस्टिकला घासत राहिल्या की खड्ड्यातून जाताना ‘टकटक’ सुरू होते आणि एकदा ती ऐकू आली की गाणं ऐकूच येत नाही. सेटच्या वर हवा खेळती राहू द्या. अँड्रॉइड सेट तापतो.

सेट बसल्यावर पहिले दोन दिवस बॅटरीवर लक्ष ठेवा. मागे एक गाडी आली होती, शनिवारी रात्री उभी केली की सोमवारी सकाळी सेल्फ फिरायचा नाही. बॅटरी दोनदा बदलून झाली होती. आत बघितलं तर लाल आणि पिवळी एकत्र पिळून कायमच्या करंटला जोडलेल्या. पडदा काळा दिसायचा, आत सेट जागाच. एक अँपिअर खात होता. पेट्रोल वॅगनआरची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-तासांची, मग हिशेब करा. मायनस टर्मिनल काढून मधे मीटर लावा, दहा अँपिअरच्या खाचेत सळई घालून. दारं बंद, किल्ली बाहेर, मीटर जोडलेलाच ठेवून दहा-पंधरा मिनिटं थांबा. आकडा ०.०५ च्या खाली असायला हवा. मीटर लावलेला असताना सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज जाईल.

फ्यूजवरून आठवलं, सेटच्या पिवळ्या वायरीवर दहा किंवा पंधराचा फ्यूज असतो. तो उडत असेल तर कारण शोधा. तीसचा टाकलात तर पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायर उडेल. विम्याच्या नूतनीकरणाच्या वेळी सेटचं बिल दाखवून तो पॉलिसीत चढवून घ्या. कंपनीबाहेरून बसवलेल्या इलेक्ट्रिकच्या वस्तू न नोंदवता चोरीला गेल्या तर भरपाई मिळत नाही.

आता उरला जुना सेट. विकू नका. यूएसबी बंद पडलेल्या सेटचे तुम्हाला पाचशे मिळतील. त्याचे चार स्क्रू, त्याची पट्टी आणि तुम्ही काढलेला कपलरचा नकाशा हे सगळं एका पिशवीत घालून माळ्यावर टाका. गाडी विकाल त्या दिवशी नवा सेट काढून घ्याल, जुना कपलर खट्‌कन लागेल आणि घेणाऱ्याला कापलेली एकही वायर दिसणार नाही.